सहा मिलिलिटर आणि सहा तास

हृदयाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण थिएटरमधून आयसीयूत येतो तेव्हा त्याच्या तोंडात नळी असते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला व्हेंटिलेटर. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या पोटात ते पाहून गोळा येतो. आतल्या सिस्टरांना त्यात नवल नसते. भूल उतरायची असते, अंग गार पडलेले असते, छातीतल्या नळ्यांतून थोडे रक्त येत असते. तोवर श्वासाचे काम यंत्राने करायचे, हे ठरलेलेच. यंत्र लावावे की नाही, यावर कोणाचे दुमत नाही. मतभेद आहेत ते दोन आकड्यांवर. एका श्वासात किती हवा आत सोडायची? आणि नळी किती तासांत काढायची? पहिल्या प्रश्नाचे आज रूढ होत गेलेले उत्तर आहे, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे सहा ते आठ मिलिलिटर. दुसऱ्याचे आहे, जमेल तर सहा तासांच्या आत.

हे दोन्ही सहा रायपूरमध्ये तपासून पाहण्यासारखे आहेत. मध्य भारतातल्या हृदयरुग्णांचे हे आता मोठे ठिकाण झाले आहे. नव्या रायपुरात २०१२ मध्ये सुरू झालेले श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय लहान मुलांच्या जन्मजात हृदयदोषांवर एक पैसाही न घेता शस्त्रक्रिया करते. त्याच संस्थेचे खारघरचे रुग्णालय २०१८ पासून महाराष्ट्रातल्या मुलांसाठी काम करते आहे. मेकाहारात, म्हणजे डॉ. आंबेडकर रुग्णालयात, ॲडव्हान्स्ड कार्डिॲक इन्स्टिट्यूट आहे, टाटीबंधला एम्स आहे, शिवाय खासगी रुग्णालये आहेत. बस्तर आणि सरगुजाचे रुग्ण इथे येतात, ओडिशाच्या पश्चिम सीमेवरचे येतात. गोंदिया हावडा–मुंबई मार्गावर नागपूर आणि रायपूर यांच्या मधल्या टप्प्यावर असल्यामुळे तिथल्या कुटुंबापुढे दोन्ही दिशा खुल्या असतात. तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांना तर ही घरचीच रुग्णालये. म्हणून या चर्चेला तांत्रिक म्हणून बाजूला सारणे परवडणारे नाही.

आधी मोठ्या श्वासाची बाजू ऐकून घेऊ, कारण ती मूर्खपणातून आलेली नाही. १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून हाताने पिशवी दाबत आणि रुग्णांना तगवत. सकारात्मक दाबाने श्वास देता येतो, हे तिथून वैद्यकाच्या अंगवळणी पडले. १९६३ मध्ये बोस्टनच्या बेंडिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की भुलीखाली एकसारखे उथळ श्वास दिले तर फुप्फुसाचे काही भाग मिटतात आणि रक्तातला ऑक्सिजन घसरतो. उपाय सरळ होता, श्वास मोठा द्या. किलोमागे दहा, बारा, कधी पंधरा मिलिलिटर हे त्या काळचे शहाणपण होते आणि त्यामागे पुरावा होता. हृदयशस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीनवर असताना फुप्फुसे बराच वेळ निपचित पडलेली असतात. नंतर ती उघडावीत म्हणून मोठा श्वास अधिकच पटण्यासारखा वाटे. आज साठीत असलेले कितीतरी भूलतज्ज्ञ याच शिक्षणात तयार झाले.

या शहाणपणाला तडा गेला तो २००० साली. गंभीर फुप्फुसइजा झालेल्या ८६१ रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या अभ्यासात बारा मिलिलिटरच्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, सहाच्या गटात ३१ टक्के. फुप्फुस वारंवार ताणले गेले की त्याच्या पेशींना इजा होते, दाह सुरू होतो आणि तो दाह रक्तावाटे मूत्रपिंडापर्यंत पोचतो. हृदयशस्त्रक्रियेचे रुग्ण मात्र त्या अभ्यासातल्या रुग्णांसारखे नव्हते. त्यांची फुप्फुसे बहुधा बऱ्या स्थितीत असतात आणि यंत्रावरचा काळ तासांत मोजायचा असतो. एवढ्याशा वेळात मोठ्या श्वासाने काय बिघडणार, हा आक्षेप रास्तच होता.

त्याचे उत्तर पुढच्या दहा-बारा वर्षांत मिळाले. २०११ मध्ये बोस्टनमध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या १४९ रुग्णांत सहा आणि दहा मिलिलिटरची तुलना झाली. नळी निघेपर्यंतच्या वेळेत ठामपणे सांगण्याजोगा फरक पडला नाही, हे आधी सांगायला हवे. पण सहा तासांत मोकळे झालेले रुग्ण सहा मिलिलिटरच्या गटात ३७.३ टक्के होते, दहाच्या गटात २०.३, आणि नळी काढून पुन्हा घालावी लागलेले १.३ विरुद्ध ९.५ टक्के. पुढच्या वर्षी कॅनडातल्या क्वेबेकमधून ३,४३४ रुग्णांची पाहणी आली. मोठ्या श्वासांचा संबंध अवयव निकामी होण्याशी आणि आयसीयूतल्या लांबलेल्या मुक्कामाशी दिसला. ही नुसती पाहणी होती, कार्यकारण तिने सिद्ध केले असे म्हणता येत नाही. तरी तिच्यातली एक नोंद आपल्या फार कामाची आहे. जादा श्वास कोणाला मिळत होता, तर मुख्यतः स्त्रियांना आणि स्थूल रुग्णांना.

असे का होते, ते आपल्याकडच्या एखाद्या खाटेवर पाहू. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली, दीडशे सेंटिमीटर उंचीची एक बाई धरा. काट्यावरचे वजन ६२ किलो. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने 'किलोमागे आठ' हा नियम वाचलेला आहे. तो ६२ ला आठने गुणतो, ४९६ येतात, यंत्रावर ५०० लावतो आणि आपण फुप्फुस जपतो आहोत अशा समाधानात पुढच्या खाटेकडे जातो. पण अंगावरची चरबी वाढली म्हणून छातीच्या पिंजऱ्यातले फुप्फुस वाढत नाही. त्याचा आकार उंचीनुसार ठरतो. बाईचे अपेक्षित वजन काढायचे सूत्र असे: साडेपंचेचाळीस अधिक, १५२.४ सेंटिमीटरच्या वरच्या प्रत्येक सेंटिमीटरला ०.९१, उंची त्याखाली असेल तर तेवढे वजा. उत्तर येते ४३ किलोच्या थोडे वर. म्हणजे तिला २६० ते ३४५ मिलिलिटर पुरेत. पाचशे म्हणजे किलोमागे साडेअकरा झाले. क्वेबेकच्या त्या पाहणीत रुग्णांना मिळालेल्या श्वासाचा मध्यमानही नेमका साडेअकराच होता. इथे कोणी हलगर्जी केली नाही, नियम मोडला नाही. मोजपट्टी तेवढी काढली नाही.

आता दुसरी बाजू. ती हृदयाची आहे आणि तिचे म्हणणे तितकेच वजनदार आहे. श्वास लहान केला की कार्बन डायऑक्साइड साठतो. मेडिकल आयसीयूत तो थोडा साठू देणे आता सर्रास चालते, फुप्फुस वाचवण्याची ती किंमत मानली जाते. हृदयशस्त्रक्रियेनंतर ही किंमत काही रुग्णांना जड जाते. कार्बन डायऑक्साइड वाढला आणि रक्ताची आम्लता वाढली की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. उजव्या हृदयाला त्यांच्याविरुद्ध रक्त ढकलायचे असते. मायट्रल झडपेच्या जुन्या आजारात त्या वाहिन्यांतला दाब आधीच चढलेला असतो. हृदयाच्या पडद्यातले मोठे छिद्र वेळेत बंद न झालेल्या, उशिरा आलेल्या मुलांतही तसेच. बालकांच्या आरोग्यतपासणीच्या चिरायु पथकाने अंगणवाडीत गाठलेले बाळ वेळेवर येते, पण दूरच्या पाड्यावरचे मूल चौथ्या-पाचव्या वर्षी येते ते असा चढलेला दाब घेऊनच. अशा मुलाची नळी साफ करताना एक खोकला आला तरी फुप्फुसातला दाब एकाएकी उसळू शकतो आणि रक्तदाब कोसळतो. अशा मुलाला पहिली रात्र शांत झोपवून ठेवणे, ऑक्सिजन सढळ ठेवणे आणि कार्बन डायऑक्साइड चढू न देणे यातच खरे शहाणपण असते.

उलट उदाहरणेही आहेत. ज्या शस्त्रक्रियेत वरच्या शरीरातले निळे रक्त थेट फुप्फुसाच्या धमनीत सोडलेले असते, त्या ग्लेन शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसात रक्त ढकलायला स्वतंत्र पंप नसतो. यंत्राचा प्रत्येक दाब त्या प्रवाहाला अडथळा करतो. मूल स्वतः श्वास घेऊ लागले की छातीतला दाब उतरतो आणि रक्त सुखाने वाहते. म्हणून तिथे नळी शक्य तितक्या लवकर काढतात, आणि कार्बन डायऑक्साइड किंचित वर राहिला तर मेंदूचा रक्तप्रवाह वाढून फायदाच होतो. एकाच आयसीयूत शेजारशेजारच्या दोन खाटांवर कार्बन डायऑक्साइडचा एकच आकडा एकाला तारक आणि दुसऱ्याला मारक ठरू शकतो. एकच नियमावली सर्वांना लावू नका, असे जुन्या सर्जनांनी म्हटले तर ते याच अनुभवातून आलेले असते. त्याला अहंकार म्हणून मोडीत काढू नये.

या भूभागाची आणखी एक अडचण आहे, ती परदेशातल्या बहुतेक अभ्यासांत नाही. छत्तीसगडमध्ये आणि लागून असलेल्या गडचिरोली, गोंदियात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. ऑक्सिजन कमी पडला, आम्लता वाढली, अंग थंड पडले, पाणी कमी झाले की सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबतात. हृदयशस्त्रक्रियेत या चारही गोष्टींची शक्यता हात धरून येते. तेव्हा 'थोडा कार्बन डायऑक्साइड वाढला तर वाढू द्या' हे वाक्य सिकलसेलच्या रुग्णाच्या कागदावर लिहायचे नाही. शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीतला हा एक निकाल व्हेंटिलेटरच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत उतरला पाहिजे. तो फाइलच्या तळाशी पडून राहिला तर तपासणी केल्याचा उपयोग काय?

मग लहान श्वास आणि हृदयाची गरज यांत तडजोड नाही का? आहे, आणि ती यंत्रावरच आहे. श्वास लहान केला तर त्यांची संख्या वाढवायची. वरच्या बाईला ५०० मिलिलिटरचे दहा श्वास देण्याऐवजी ३३० चे सतरा-अठरा दिले तर कार्बन डायऑक्साइड जवळपास तिथेच राहतो. मात्र दम्याने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुस खराब झालेल्या रुग्णात संख्या फार वाढवली तर हवा पुरती बाहेर पडत नाही, आत अडकते. तिथे सिस्टरने आणि डॉक्टरने स्क्रीनवरची रेषा प्रत्येक वेळी तळाला टेकते आहे की नाही ते पाहायचे. बहुसंख्य रुग्णांत ही तडजोड सहज जमते. श्वासाचे आकारमान आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत हे लक्षात घेतले, की 'फुप्फुस वाचवू की हृदय' हे भांडण बरेचसे मिटते.

पीपच्या बाबतीत, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखून ठेवायच्या दाबाच्या बाबतीत, पुरावा इतका स्पष्ट नाही. २०१७ मध्ये साओ पावलोत, शस्त्रक्रियेनंतर ऑक्सिजन कमी असलेल्या ३२० रुग्णांत जोरकसपणे फुप्फुस उघडून जास्त पीप ठेवला तेव्हा फुप्फुसाच्या तक्रारींची तीव्रता कमी झाली. दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये सरसकट सुमारे पाचशे रुग्णांत शस्त्रक्रियेच्या वेळेपासूनच फुप्फुस उघडे ठेवण्याची पद्धत आजमावली, तर फायदा दिसला नाही. दोन्ही एकत्र वाचले की अर्थ लागतो. ज्याचा ऑक्सिजन पडला आहे त्याला जास्त पीपचा उपयोग होतो, ज्याचा ठीक आहे त्याला देऊन मिळत काही नाही. वर जास्त पीपने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, उजव्या हृदयावरचा भार वाढतो. पाचपासून सुरुवात करून गरजेप्रमाणे चढवणे, आणि चढवताना रक्तदाबाकडे नजर ठेवणे, यापलीकडे आज ठामपणे सांगता येत नाही.

आता दुसरा सहा. नळी लवकर काढण्याच्या बाजूने बरेच काही आहे. नळी असेपर्यंत झोपेचे औषध चालू राहते, झोपेच्या औषधाने रक्तदाब पडतो, तो सावरायला आणखी औषधे लागतात. घशातली नळी जंतूंना वाट करून देते. स्नायू शिथिल पडतात. मोकळा झालेला रुग्ण खोकतो, बसतो, पाणी मागतो, घरच्यांशी बोलतो. हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या जलद सुधारणेच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत सहा तासांची मर्यादा आली ती यामुळेच. कोक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात २८ चाचण्यांतले ४,४३८ रुग्ण पाहिले गेले. लवकर नळी काढल्याने मृत्यू किंवा गुंतागुंत वाढल्याचे दिसले नाही आणि आयसीयूतला मुक्काम घटला. पण दोन गोष्टी त्याच आढाव्यात आहेत आणि त्या सोयीस्करपणे गाळल्या जातात. ते रुग्ण कमी ते मध्यम धोक्याचे होते. आणि रुग्णालयातला एकूण मुक्काम काही कमी झाला नाही.

रायपूरच्या आयसीयूत कमी धोक्याचा रुग्ण सापडतो, पण सगळे तसे नसतात. उशिरा आलेली झडप, कुपोषणाने खंगलेले श्वासाचे स्नायू, जुन्या क्षयाचे फुप्फुसावरचे वण, उरला-सिलतराच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत धूळ खाल्लेली छाती. अशा रुग्णाची नळी सहाव्या तासाला ओढून काढली आणि मध्यरात्री परत घालावी लागली, तर त्या एका तासात सगळी कमाई जाते. घाईत पुन्हा नळी घालताना ऑक्सिजन पडतो, नुकतेच शिवलेले हृदय ताणले जाते. आणि ही मध्यरात्र साधी नसते. दुपारी दोनला संपलेल्या शस्त्रक्रियेचा सहावा तास रात्री आठला येतो, संध्याकाळी सहाला संपलेलीचा बाराला. दिवसा चार जण असतात तिथे रात्री एक डॉक्टर आणि दोन-तीन खाटांमागे एक सिस्टर असेल, तर तो आकडा पाळण्यात धोका दडलेला आहे.

आकड्याला आणखी एक हितसंबंध चिकटतो. आयुष्मान योजनेत बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेला पॅकेज ठरलेले असते. रुग्ण यंत्रावर सहा तास राहो की तीस, रक्कम साधारण तीच. खाट रिकामी झाली की पुढचा रुग्ण आत येतो. यात लबाडी शोधायला नको. प्रतीक्षायादी लांबलचक असते आणि खाट अडली तर कोणाचे तरी मूल थांबते. पण कमी तास, जास्त खाटा, चांगला अहवाल असे तिन्ही फायदे एकाच दिशेला ओढत असताना त्याविरुद्ध बोलणारा आकडा कोणीतरी मुद्दाम ठेवावा लागतो. तो आकडा म्हणजे पुन्हा नळी घालाव्या लागलेल्या रुग्णांचा. 'आमच्याकडे सरासरी पाच तासांत नळी निघते' असे सांगणाऱ्या रुग्णालयाला दुसरा प्रश्न विचारला पाहिजे, 'आणि कितींना परत घालता?' दोन्ही आकडे शेजारी छापले तरच पहिल्याला अर्थ आहे.

नव्या यंत्रांनी हा सगळा प्रश्न सोडवला, असेही काही जण म्हणतात. रुग्णाच्या श्वासाप्रमाणे दाब, संख्या, ऑक्सिजन आपोआप बदलणारे व्हेंटिलेटर आता बाजारात आहेत. नेदरलँड्समध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या २२० रुग्णांवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा स्वयंचलित पद्धतीने रुग्ण सुरक्षित मर्यादेत जास्त वेळ राहिले. रात्री माणसे कमी असलेल्या ठिकाणी याचा उपयोग नक्की होईल, तो नाकारू नये. पण हे यंत्रही सुरुवातीला रुग्णाची उंचीच विचारते. अंदाजाने १६५ टाकले तर ते अत्यंत काटेकोरपणे चुकीचा श्वास देत राहील. यंत्रांच्या भरवशाबद्दल कोविडने आपल्याला शिकवलेच आहे. पीएम केअर्समधून मराठवाड्यात आलेल्या व्हेंटिलेटरांच्या दर्जाचा प्रश्न २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला होता. त्याच काळात कितीतरी जिल्हा रुग्णालयांत चांगली यंत्रे चालवणारा माणूस नाही म्हणून खोक्यातच होती.

माणसाची अडचण खरी आहे. मोठ्या खासगी रुग्णालयांत श्वसनतंत्रज्ञ असतात, सर्वांच्या तोंडी ते 'आरटी'. श्वासाचे गणित, नळीची निगा, नळी काढण्याआधीची चाचणी हे त्यांचे काम. २०२१ च्या सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने या पेशाला ओळख मिळाली. पदे मात्र त्या प्रमाणात निर्माण झालेली दिसत नाहीत. आरटी नसेल तिथे सगळा भार सिस्टरवर येतो, आणि लहान मुलांच्या आयसीयूत तो भार किती बारीक असतो ते पाहा. पाच किलोच्या बाळाचा एक श्वास तीस ते चाळीस मिलिलिटरचा, औषधाच्या सहा ते आठ चमच्यांएवढा. नळी आणि यंत्र यांच्यामध्ये चुकून मोठ्या माणसाचा फिल्टर जोडला, तर त्याच्या पोकळीतच जवळजवळ तेवढी हवा मावते. यंत्रावर आकडा बरोबर दिसत राहतो, छातीही हलते, आणि बाळाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड चढत जातो. हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. बाळाशेजारी उभी असलेली, शिकलेली, दमून न गेलेली सिस्टर लागते.

या सगळ्या जमाखर्चातून आमचे मत असे बनते. पहिला सहा नियम म्हणून स्वीकारावा, दुसरा प्रश्न म्हणून.

श्वासाच्या आकारमानाबद्दल आता घरोघरचे वेगळे मत चालण्याजोगे नाही. उंचीवरून अपेक्षित वजन काढावे, किलोमागे सहा ते आठमध्ये सुरुवात करावी, पीप पाचला ठेवावा, श्वास आत भरल्यावरचा दाब आणि पीप यांतला फरक पंधराच्या आत राखावा. दहा किंवा बाराचा फायदा दाखवणारा पुरावा हृदयशस्त्रक्रियेत आज कोणाच्या हाती नाही, आणि तोट्याची चिन्हे पुरेशी आहेत. अपवाद असतील, पण अपवाद करणाऱ्याने तक्त्यावर कारण लिहून सही करावी. ज्येष्ठांच्या अनुभवाला यात पूर्ण वाव राहतो, फक्त तो अनुभव कागदावर दिसावा. प्रोटोकॉलने डॉक्टरची बुद्धी गंजते, अशी भीती घातली जाते. रात्री दोनला तिसऱ्या खाटेवर धावणाऱ्या निवासी डॉक्टरला मात्र त्या वेळी बुद्धीपेक्षा आधाराची गरज असते, आणि लिहून ठेवलेला नियम तो आधार देतो. फुप्फुसातला दाब चढलेल्या आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी कार्बन डायऑक्साइड आणि आम्लतेची मर्यादा वेगळी, कडक आणि आधीच छापलेली असावी.

नळी काढण्याचे तसे नाही. तिथे सहा तास उलटल्यावर विचारायचे, 'अजून का नाही?' कारण कधीकधी नळी राहते ती रुग्णासाठी नाहीच. साहेब थिएटरमध्ये आहेत, ब्लड गॅसचा रिपोर्ट आला नाही, कोणी झोपेचे औषध बंद करायला विसरले, एवढ्याचसाठी राहते. या विलंबाला सहा तासांचा प्रश्न चाप लावतो. पण उत्तर 'अंग अजून गार आहे', 'छातीतून रक्त येते आहे', 'रक्तदाबाचे औषध वाढते आहे', 'रात्री इथे नळी परत घालू शकेल असा माणूस नाही' असे असेल, तर ते उत्तर पुरेसे मानावे आणि कोणाच्याही अहवालात त्याची लाज बाळगू नये. शेवटचे उत्तर अर्थात व्यवस्थापनाने लाजून ऐकावे असे आहे, आणि ते बदलण्याची जबाबदारीही त्यांचीच. नळी काढल्यावर नाकातून जोरात ओलसर ऑक्सिजन देणारी साधी यंत्रणा हाताशी असेल तर धोका आणखी उतरतो. हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ८३० रुग्णांवरच्या २०१५ च्या फ्रेंच चाचणीत ती मास्कच्या दाबयंत्रापेक्षा कमी पडली नव्हती.

यासाठी सरकारने काय करावे? छत्तीसगड आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी हृदयशस्त्रक्रियेचे पॅकेज मंजूर करताना रुग्णालयाकडून तीन नोंदी मागाव्यात: किती रुग्णांच्या तक्त्यावर मोजलेली उंची आहे, नळी किती तासांनी निघाली, आणि ४८ तासांत कितींना परत घालावी लागली. यात नवा खर्च जवळजवळ नाही. त्यापुढे पैसा खर्चायचाच असेल तर आणखी दहा व्हेंटिलेटर घेण्याआधी रात्रीच्या पाळीसाठी एक आरटी आणि दोन सिस्टर नेमाव्यात. यंत्राची उद्घाटने होतात, फीत कापता येते, रात्रपाळीच्या सिस्टरची कापता येत नाही. म्हणून या मागणीला राजकीय वजन मिळत नाही, आणि म्हणूनच ती वारंवार करावी लागते.

नातेवाइकांनाही यात जागा आहे. 'डॉक्टरसाहेब, नळी कधी काढता?' हा त्यांचा प्रश्न प्रेमापोटी असतो, पण त्याचा दबाव चुकीच्या बाजूला पडू शकतो. त्याऐवजी भरतीच्या दिवशी दोन गोष्टी विचाराव्यात. माझ्या माणसाची उंची मोजून लिहिली का? आणि रात्री काही झाले तर नळी परत घालणारा डॉक्टर आवारात असतो का? पहिल्याचे उत्तर त्याच दिवशी फाइलवर दिसते, दुसऱ्याचे ड्यूटीच्या तक्त्यावर. ही दोन उत्तरे जिथे 'हो' अशी मिळतात, तिथे नळी सहाव्या तासाला निघाली की अठराव्या, याची चिंता डॉक्टरवर सोपवायला हरकत नाही.